आधी कोण बोलणार?

आपत्कालीन ध्वनिसूचना यंत्रणेत, म्हणजे धंद्यातल्या बोलीत व्हॉइस इव्हॅक्युएशन सिस्टीममध्ये, लाउडस्पीकर शेकड्यांनी असतात. पण इमारतीच्या एका भागात एका वेळी एकच आवाज ऐकू जायला हवा. एरवी संगीत चालू असते, मधूनच स्वागतकक्षातून कुणाला तरी बोलावणे जाते. आगीची खूण मिळताच आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला संदेश आपोआप सुरू होतो, आणि तेवढ्यात तळमजल्यावर येऊन पोहोचलेला अग्निशमन अधिकारी माइक उचलतो. यांतला कोणता आवाज जाऊ द्यायचा आणि कोणते तोडायचे, याचा क्रम यंत्रात आधीच घालून ठेवलेला असतो. हा प्राधान्यक्रम कुणा अभियंत्याने एका बैठकीत ठरवलेला नाही. शंभरएक वर्षांतल्या आगी, स्फोट आणि गोळीबार यांनी तो थोडाथोडा घडवला आणि एका महत्त्वाच्या ठिकाणी उलटाही केला.

लाउडस्पीकरच्या आधी घंटा होती, आणि घंटेला असा प्रश्नच पडत नसे. 1852 साली बॉस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी तारयंत्रावर चालणारी आगसूचनेची यंत्रणा उभी केली. रस्त्यावरच्या पेटीतून खूण जाई आणि शहरातल्या घंटा वाजत. घंटेला फार तर ठोके मोजून विभाग सांगता येई. कुठल्या जिन्याने उतरा, कुठला दरवाजा टाळा, हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. ते माणसालाच ओरडून सांगावे लागे, आणि माणसाचा आवाज मोठ्या सभागृहात पुरत नसे. शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला 30 डिसेंबर 1903 रोजी आग लागली, तेव्हा विनोदी नट एडी फॉय रंगमंचाच्या कडेशी येऊन, लोकांनी शांत राहावे म्हणून विनवत होता आणि वादकांना वाजवत राहायला सांगत होता. त्या आगीत 602 माणसे मेली. नाट्यगृहात आगसूचनेची पेटीसुद्धा नव्हती. जवळच्या अग्निशमन केंद्राकडे माणूस धाडावा लागला. फॉयने दाखवलेले धैर्य पुढे पुष्कळ वाखाणले गेले. तरीही त्या प्रसंगी बोलण्याचे काम कुणाचे, हे कुणीच ठरवलेले नव्हते आणि ज्याला सुचले तो बोलला, ही गोष्ट उरतेच.

एका माणसाचा आवाज हजारोंपर्यंत नेणारे साधन त्यानंतर बारा वर्षांनी आले. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम यांनी 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत आपला लाउडस्पीकर लोकांसमोर वाजवून दाखवला. पुढच्या काही दशकांत तो सभा, कारखाने, स्थानके आणि जहाजे असा सगळीकडे पोहोचला. आगीच्या वेळी मात्र इमारती घंटेवरच विसंबून राहिल्या. घंटा स्वस्त होती, आणि इमारत बुटकी असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडण्यात अडचणही नव्हती.

ती अडचण उंच इमारतींनी आणली. पन्नास मजल्यांवरची सगळी माणसे एकदम जिन्यात शिरली तर जिना तुंबतो, आणि वर चढणाऱ्या अग्निशमन दलाला वाट उरत नाही. न्यूयॉर्कच्या 'वन न्यूयॉर्क प्लाझा' या पन्नास मजली इमारतीत 5 ऑगस्ट 1970 रोजी तेहतिसाव्या मजल्यावर आग लागली आणि दोघांचा मृत्यू झाला. लिफ्टची बटणे उष्णतेने आपोआप दाबल्यासारखी झाली आणि लिफ्ट थेट आगीच्या मजल्यावर जाऊन उघडली. त्याच वर्षी शहरात आणखी एका उंच इमारतीत जीव गेले. या प्रकरणांतून 1973 सालचा न्यूयॉर्कचा 'लोकल लॉ 5' आला. शंभर फुटांहून उंच कार्यालयीन इमारतींत तळमजल्यावर अग्निनियंत्रण केंद्र, तिथून मजल्यांवर बोलण्याची सोय आणि अग्निशमन विभागाने पात्र ठरवलेला अग्निसुरक्षा प्रमुख, हे या कायद्याने बंधनकारक केले. उंच इमारतीत सगळ्यांना एकदम न हलवता आगीचा मजला आणि त्याच्या लगतचे मजले आधी रिकामे करायचे, बाकीच्यांना जागीच थांबवायचे, अशी नवी रीत ठरली. ही रीत घंटेला जमण्यासारखी नव्हती. एका मजल्यावर 'निघा' आणि दुसऱ्यावर 'थांबा' असे एकाच वेळी सांगायचे, तर शब्दच लागतात.

शब्द आले आणि त्यांच्याबरोबर भांडणही आले. त्याच तारांवर दुपारच्या जेवणाच्या वेळचे संगीत जाई, त्याच तारांवर कार्यालयाच्या घोषणा. सुरुवातीच्या यंत्रणांमध्ये हे भांडण रिलेने मिटवले जाई: आगीच्या पॅनेलने विद्युतदाब सोडला की रिले संगीताची तार तोडून माइकची तार जोडी. त्यात एक खोच होती. हॉटेलच्या खोलीत किंवा दुकानात आवाज कमी करायचे बटण भिंतीवर असते, आणि पाहुण्याने ते शून्यावर नेलेले असले तर आगीची सूचनाही शून्यच ऐकू जाणार. म्हणून त्या बटणामागे आणखी एक रिले बसवण्याची पद्धत पडली. आणीबाणीत ती बटणाला वळसा घालते आणि लाउडस्पीकर पूर्ण आवाजावर उघडते. पाहुण्याने निवडलेली शांतताही अशी या क्रमात आली, सगळ्यात खालच्या पायरीवर.

क्रम लिहिलेला नसला की काय होते, याचे अमेरिकेतले सगळ्यांत ठळक उदाहरण केंटकी राज्यातल्या बेव्हर्ली हिल्स सपर क्लबचे आहे. 28 मे 1977 च्या रात्री इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आग लागली, तेव्हा कॅबरे दालनात हजारांहून अधिक लोक विनोदी कार्यक्रम पाहत बसले होते. इमारतीत आगसूचनेची यंत्रणाच नव्हती. वॉल्टर बेली हा टेबलांवरची भांडी उचलणारा अठरा वर्षांचा मुलगा थेट रंगमंचावर चढला, त्याने माइक घेतला आणि बाहेर पडायचे दरवाजे दाखवून लोकांना निघायला सांगितले. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्या आगीत 165 जण मेले; तो बोलला नसता तर आकडा किती चढला असता, याचा अंदाज बांधणेही नको वाटते. त्या क्लबमधल्या माणसांच्या उतरंडीत बेली जवळजवळ तळाशी होता. पुढच्या काळात माइकचे हक्क ठरवणारी जी मानके झाली, त्यांनी हुद्द्याला आणि जागेला महत्त्व दिले. ते बरोबरही होते, पण बेलीसारख्याला त्या तक्त्यात जागा नव्हती.

ब्रिटनमध्ये या विषयाला कलाटणी मिळाली ती किंग्ज क्रॉसच्या आगीने. लंडनच्या या भुयारी स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 रोजी लाकडी सरकत्या जिन्याखाली लागलेली आग तिकीटघरात उफाळली आणि 31 जण मेले. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीत पुढे आले की घोषणेची साधने असूनही ती वापरली गेली नव्हती. मग गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या संशोधकांनी न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या भुयारी स्थानकात लोकांना बाहेर काढण्याचे पाच प्रयोग केले. नुसती घंटा वाजली तेव्हा बहुतेक प्रवासी जिथे होते तिथेच घुटमळले. कॅमेऱ्यातून स्थानक पाहणाऱ्या माणसाने काय घडले आहे आणि कुठल्या वाटेने जायचे हे माइकवरून स्पष्ट सांगितले, तेव्हा स्थानक कितीतरी लवकर रिकामे झाले. 1991 साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि घबराट टाळण्यासाठी लोकांपासून खरे लपवायचे ही जुनी समजूत चुकीची ठरवली. प्राधान्याच्या प्रश्नाला त्यातून एक उत्तर मिळाले: ज्याला चित्र दिसते आहे अशा माणसाचा ताजा शब्द ध्वनिमुद्रित संदेशापेक्षा वरचढ असला पाहिजे.

नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश आणि युरोपीय मानकांनी हे उत्तर तक्त्यात बसवले. आणीबाणीसाठीच्या ध्वनियंत्रणांच्या मानकात संदेशांचे तीन दर्जे ठरले. जिवाला थेट धोका असताना बाहेर काढणारा संदेश सर्वांत वर, धोका जवळ आहे म्हणून तयारीत राहा असे सांगणारा सावधानतेचा संदेश त्याखाली, आणि नेहमीच्या कामकाजाच्या घोषणा तळाशी. 1998 साली आलेल्या, आगसूचनेच्या ब्रिटिश मानकाच्या आठव्या भागात टप्प्याटप्प्याने इमारत रिकामी करण्याची रीत आणि तिला लागणारे वेगवेगळे संदेश यांची मांडणी झाली. नियंत्रण करणाऱ्या पेटीचे काटेकोर नियम 2008 सालच्या 'ईएन 54' या युरोपीय मालिकेच्या सोळाव्या भागाने घातले. आणीबाणीचा माइक बसवलेला असेल तर तो ध्वनिमुद्रित संदेशासकट सगळ्या आवाजांच्या वर राहिला पाहिजे. असे माइक एकाहून अधिक असतील तर त्यांचा आपसातला क्रम ठरवता आला पाहिजे, एका वेळी एकच चालू राहिला पाहिजे, आणि तो क्रम बदलण्याची मुभा रोजच्या वापरातल्या माणसाला नसावी.

ही मुभा चार पायऱ्यांत वाटलेली असते. पहिल्या पायरीवर कुणीही येणारा-जाणारा. त्याने दिवे पाहावेत, हात लावू नये. दुसऱ्या पायरीवर शिकवून तयार केलेला चालक. किल्ली फिरवून किंवा आकडे टाकून त्याला माइक आणि संदेश वापरता येतात. तिसऱ्या पायरीवर यंत्रणा बसवणारा, चौथ्यावर ती बनवणारा. माइकांचा आपसातला क्रम तिसऱ्या-चौथ्या पायरीचे काम आहे. आगीच्या धामधुमीत कुणी चालकाने स्वतःचा माइक वर चढवून घेऊ नये, एवढ्यासाठी ही तटबंदी.

अग्निशमन दलासाठीचा माइक बहुधा इमारतीच्या प्रवेशाजवळ लाल पेटीत, गुंडाळलेल्या तारेला टांगलेला असतो. तो हातात घेऊन बटण दाबले की निवडलेल्या विभागांतला चालू संदेश तुटतो आणि आधी लक्ष वेधणारा सूर वाजतो. गावात आधी डफ आणि मग दवंडी, तसाच हा क्रम. सुराशिवाय पहिले दोन-तीन शब्द वायाच जातात. सूर संपला की बोला अशी खूण देणारा दिवा लागतो. बटण सोडले की तोडलेला ध्वनिमुद्रित संदेश पुन्हा आपोआप सुरू होतो, कारण अधिकारी बोलायचे थांबला म्हणून धोका संपलेला नसतो. समान दर्जाचे दोन माइक असतील तर सहसा आधी घेणाऱ्याच्या हाती सूत्रे राहतात आणि दुसऱ्याकडे 'व्यस्त'चा दिवा लागतो. माइकची तार आणि त्यातली आवाज टिपणारी कॅप्सूल शाबूत आहे की नाही, हे यंत्र स्वतः सतत तपासत राहते. वर्षभर न वापरलेला माइक नेमका लागेल त्या क्षणी मुका निघावा, यासारखी फजिती नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे मोठ्या संकुलांत नियंत्रणाची ठिकाणे अनेक असतात: तळमजल्यावरचे केंद्र, सुरक्षा कक्ष, कधी दूरच्या इमारतीतला मुख्य कक्ष. राष्ट्रीय आगसूचना संहितेने तिथे असा नियम घातला की एका वेळी सूत्रे एकाच ठिकाणाकडे असावीत आणि ती कुणाकडे आहेत हे त्या ठिकाणी दिव्याने दिसावे. त्यावरून कंपन्यांनी एक शिष्टाचार यंत्रात बसवला. दुय्यम ठिकाणचा चालक सूत्रे मागतो. ज्याच्याकडे ती आहेत तो देतो किंवा नाकारतो. आणि वरच्या दर्जाच्या ठिकाणाला न विचारता काढून घेण्याचा हक्क असतो. कागदावर हे सुरेख दिसते. प्रत्यक्षात मागणाऱ्याला उत्तर न मिळणे आणि देणाऱ्याला मागणी न दिसणे, ही या पद्धतीची जुनी दुखणी आहेत. म्हणून आणीबाणीत न विचारता सूत्रे घेता येणारे निदान एक ठिकाण असावे, आणि ते अग्निशमन दल जिथे येऊन उभे राहते तिथेच असावे, याकडे तज्ज्ञांचा कल राहिला.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरने या सगळ्या रचनेची दोनदा परीक्षा घेतली. 26 फेब्रुवारी 1993 रोजी तळघरात बॉम्ब फुटला. सहा जण मेले, हजारांहून अधिक जखमी झाले. आणि जिथून बोलायचे ते नियंत्रण केंद्र तळघरातच असल्यामुळे स्फोटाने तेच निकामी केले. घोषणा झाल्याच नाहीत, आणि लोक धुरातून चाचपडत तासन्‌तास उतरत राहिले. पुढे दोन्ही मनोऱ्यांच्या तळमजल्यांवर अग्निसुरक्षेची केंद्रे झाली. 11 सप्टेंबर 2001 रोजी उत्तर मनोऱ्यात त्या केंद्रातून घोषणा झाल्याही, पण विमानाच्या धडकेने तारा तुटल्यामुळे वरच्यांना त्या ऐकू गेल्या नाहीत. दक्षिण मनोऱ्यात यंत्र शाबूत होते आणि घोषणा ऐकूही गेली. नऊच्या सुमारास सांगण्यात आले की अपघात दुसऱ्या इमारतीत आहे, ही इमारत सुरक्षित आहे, लोकांनी आपापल्या कार्यालयांत परतावे. काही जण जिन्यातून परत फिरले. 9 वाजून 2 मिनिटांच्या सुमारास, वाटल्यास निघावे अशी दुसरी घोषणा झाली, आणि लगेचच दुसरे विमान त्या मनोऱ्यावर आदळले. चौकशी आयोगाला दिसले की पहिली घोषणा कुठल्याही आधी लिहून ठेवलेल्या संदेशाशी जुळत नव्हती. त्याआधी दक्षिण मनोऱ्याच्या केंद्रातला माणूस, बाहेर काढायचा आदेश अग्निशमन दलाच्या कुणा वरिष्ठाकडून येईल म्हणून थांबला होता. माइक होता, हक्क होता, तार जोडलेली होती, माहिती नव्हती. प्राधान्यक्रमाचा तक्ता या शेवटच्या उणिवेवर काहीच करू शकत नाही, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

या सगळ्या रचनेमागे एक गृहीतक कायम होते: आगीची सूचना सर्वांत वर. ते मोडायला सुरुवात झाली सौदी अरेबियातल्या खोबर टॉवर्सपासून. 25 जून 1996 रोजी तिथल्या अमेरिकी हवाई दलाच्या निवासाबाहेर ट्रकबॉम्ब फुटला आणि 19 जवान मारले गेले. छतावरच्या पहारेकऱ्यांना ट्रक संशयास्पद वाटला होता, आणि ते मजल्यामागून मजला दारे ठोठावत खाली आले. सगळ्यांना एकदम सांगायचे साधन हाताशी नव्हते. 2002 साली अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या इमारतींसाठी सामूहिक सूचना यंत्रणेचे निकष काढले. शाळांतल्या अनुभवानेही त्याच दिशेला बोट दाखवले. 1998 च्या मार्चमध्ये आर्कन्सॉ राज्यातल्या जोन्सबरो इथे आगीचा गजर मुद्दाम वाजवण्यात आला आणि बाहेर पडणाऱ्या मुलांवर झाडीतून गोळ्या झाडण्यात आल्या; चार मुली आणि एक शिक्षिका मेल्या. 16 एप्रिल 2007 रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सव्वासातच्या सुमारास पहिल्या गोळ्या सुटल्या, विद्यार्थ्यांना पहिला ईमेल 9 वाजून 26 मिनिटांनी गेला, आणि पंधराएक मिनिटांत दुसरे, मोठे हत्याकांड सुरू झाले. त्या दिवशी एकूण 32 जण मारले गेले.

बंदूकधारी बाहेर उभा असताना 'इमारत रिकामी करा' हा संदेश सर्वांत वर असणे घातक आहे. म्हणून 2010 च्या आवृत्तीत अमेरिकी संहितेने आपत्कालीन संपर्क यंत्रणांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्या त्या जागेच्या धोक्यांचा अभ्यास करून सामूहिक सूचनेला आगीच्या गजराच्याही वर ठेवण्याची मुभा दिली. घंटेच्या काळापासून आगीकडे असलेले पहिले स्थान तिथे गेले. अग्निशमन क्षेत्रातल्या जुन्या मंडळींना हे सहजी रुचण्यासारखे नव्हते, आणि त्यांची शंका पोकळही नव्हती: सुरक्षारक्षकाचा माइक आगीचा संदेश दाबू लागला, तर खऱ्या आगीत तो वेळेवर बाजूला होईल कशावरून?

वाहनांत हा प्रश्न इमारतींपेक्षा आधीच सुटलेला होता, कारण तिथे कप्तान एकच. प्रवासी विमानात वैमानिकाची घोषणा केबिन कर्मचाऱ्यांच्या घोषणेला तोडते, कर्मचाऱ्यांची घोषणा ध्वनिमुद्रित संदेशाला, आणि चित्रपट-संगीत सर्वांच्या खाली. जहाजावर, जिथून ते चालवतात त्या ब्रिजचा शब्द अखेरचा. पण वरचा आवाजच गप्प बसला तर? दक्षिण कोरियाची सेवॉल ही फेरीबोट 16 एप्रिल 2014 रोजी कलंडू लागली, तेव्हा आतल्या ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना जागीच थांबायला सांगितले जात राहिले. घोषणा करणारा कर्मचारी ब्रिजकडून आदेश मागत होता. आदेश आला नाही. 304 जण बुडाले, त्यांतली बहुतेक शाळकरी मुले. त्याच देशात 2003 साली देगूच्या भुयारी रेल्वेत जळत्या गाडीशेजारी येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीच्या चालकानेही प्रवाशांना आत थांबायला सांगितले होते. त्या आगीत 192 जण मेले.

भारतात हा विषय न्यायालयात आला तो दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीमुळे. 13 जून 1997 रोजी तळाच्या वाहनतळातल्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली, धूर बाल्कनीत कोंडला आणि 59 जण गुदमरून मेले. प्रेक्षकांना ध्वनिक्षेपकावरून कसलीही सूचना दिली गेली नव्हती, हा खटल्यातला एक ठळक मुद्दा होता.

मुंबईतली घटना याच्या उलट आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू दत्ताराम झेंडे उपनगरी फलाटांवर नजर ठेवणाऱ्या घोषणा कक्षात कामावर होते. प्रवाशांनी मागच्या बाजूने स्थानकाबाहेर जावे, असे ते ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. हल्लेखोरांनी कक्षाच्या दिशेने गोळ्या झाडल्या, तरी घोषणा थांबल्या नाहीत. स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. उपनगरी बाजूचे कित्येक जण त्या आवाजाने वाचले. रोज लोकलच्या वेळा सांगणारा माइक मानकांच्या तक्त्यात तिसऱ्या, सर्वांत खालच्या दर्जाचा. त्या रात्री स्थानकात धोका पाहणारा आणि सगळ्यांपर्यंत पोहोचणारा दुसरा माइक नव्हता. न्यूकॅसलच्या प्रयोगात कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाने जे केले, तेच इथे काचेमागून झाले.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने उंच इमारतींत प्रवेशाच्या मजल्यावर सर्व मजल्यांशी बोलता येईल असा नियंत्रण कक्ष मागितला आहे. 2016 च्या आवृत्तीत आवाजी सूचना यंत्रणेच्या अपेक्षा आणखी स्पष्ट झाल्या. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे 'ब' नमुन्यातले प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. पण लाउडस्पीकर वाजतो की नाही, एवढे पाहून प्राधान्यक्रमाची तपासणी होत नाही. त्यासाठी संगीत चालू ठेवून एका विभागात आगीची खूण द्यावी लागते, ध्वनिमुद्रित संदेश सुरू झाला आणि संगीत तुटले हे ऐकावे लागते. मग स्वागतकक्षाचा माइक उचलायचा: तो ऐकू जाता कामा नये. त्यानंतर प्रवेशाजवळचा लाल पेटीतला माइक: तो ऐकू गेला पाहिजे, आणि सोडल्यावर संदेश परत सुरू झाला पाहिजे. शेवटी एखाद्या खोलीतले आवाजाचे बटण शून्यावर नेऊन हे सगळे पुन्हा एकदा.